पाठमोरी

"ही भानुमती इथं काय करून राहिली?"

मोतीराम पाठीमागून म्हणाले आणि अश्वजीतचा माउसवरचा हात तिथल्या तिथे थांबला. रविवारची दुपार होती, जेवणं झाली होती, आणि म्हातारा नेहमीसारखा आडवा व्हायचं सोडून घरभर फिरत होता. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आठवडा उलटला होता. काळा चष्मा उतरला तसं मोतीरामांना सगळं नव्याने दिसायला लागलं होतं आणि दिसेल त्यावर ते बोलत सुटले होते. पंख्याच्या पात्यांवर धूळ आहे. समोरच्यांचं घर हिरवं नाही, निळं आहे. दीक्षाचे केस कानाशी पिकलेत, आणि सुनेने ही गोष्ट त्यांना कधी सांगितली नव्हती. "बाबा, दुसरा डोळा सध्या राहूच द्या," दीक्षा हसून म्हणाली होती, "एकातच एवढं दिसून राहिलं तुम्हाला." मुलाच्या खोलीत मात्र ते सहसा येत नसत. पस्तिशी उलटलेला, सरकारी नोकरीतला मुलगा सुट्टीच्या दिवशी पोरासोरांसारखा कॉम्प्युटरवर गेम घेऊन बसतो याची त्यांना थोडी लाज वाटायची, आणि ती लाज ते गुपचूप दाराबाहेर ठेवत. आज नव्या डोळ्याच्या हौसेने ते आत आले, स्क्रीनवरचं बाईचं तोंड पाहिलं आणि नाव घेऊन मोकळे झाले.

"कोणती भानुमती?" अश्वजीतने विचारलं.

"गोहलपुरची. आपण राहायचो तिथं, बाजूच्या खोलीतली. बिड्या वळायची थे." मोतीराम वाकून पाहत होते. "हनुवटीवरचं गोंदण पाह्य ना. तीन ठिपके. बालाघाटकडची होती. तुले याद आहे तिची? अरे वा. तू तर एवढासा होता."

ही आई आहे, एवढंच अश्वजीतला म्हणायचं होतं. पण त्याने मान हलवली, अच्छा म्हणाला, आणि मोतीराम "नाक एकदम बरोबर काढलं बरं का" अशी शाबासकी देऊन पंख्याची धूळ दाखवायला सुनेकडे गेले.

आता या छंदाविषयी थोडं सांगायला हवं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो खुळेपणाच वाटणार. राक्षस, किल्ले, शापित जंगलं, जादूच्या तलवारी, असल्या दुनियेचे हे गेम. सुरुवातीला खेळणाऱ्याने आपलं पात्र स्वतः घडवायचं असतं. पट्ट्या सरकवायच्या, की नाक लांब होतं, जबडा रुंद होतो, डोळे निळे होतात. सगळी दुनिया तिथे देखणी व्हायला येते. कुणी भरदार छातीचा वीर होतो, कुणी सिंहकटी परी. अश्वजीत उलटं करायचा. अंगभर देवीचे व्रण असलेला सरदार, गलगंड झालेली लांब कानांची परी, दात पडलेला आणि मंत्र म्हणताना थुंकी उडवणारा जादूगार, खांदा मोडलेला पाणक्या. गेम करणाऱ्यांना म्हातारपणाचं वावडं असतं, चाळिशीच्या पुढे ते कुणाला जाऊ देत नाहीत. म्हणून तो गेमच्या फायलींत शिरून सुरकुत्या ओढायचा, एक पाय आखूड करायचा, चाल बदलायचा. लोक खेळायचे आणि हा नुसता घडवत बसायचा. खेळात त्याचा जीव फारसा नव्हताच. जगभरचे लोक त्याच्याकडे मागणी करायचे, आम्हाला असला एखादा विचित्र माणूस करून दे. तो देऊन टाकायचा. एक पात्र मात्र त्याने कधी कुणाला दिलं नव्हतं. नवा कुठलाही गेम आला की सगळ्यांच्या आधी तो ही बाई करायचा: सावळी, रुंद नाकाची, भुवया विरळ, आणि हनुवटीवर हिरवे तीन ठिपके. गोंदणाची सोय कुठल्याच गेममध्ये नसते. लढाईला निघालेल्या वीरांनी तोंडाला फासायचे रंग असतात, त्यातलाच एक घेऊन तो लहान लहान करत ठिपक्यावर आणायचा. इंदूरच्या गौरांगने, त्याच्या गेमवरच्या दोस्ताने, एकदा विचारलं होतं, "भैया, ये आंटी हर बार कौन है?" आणि अश्वजीतने उत्तर दिलं होतं, "कोई नहीं."

त्याला आईची आठवण होती ती एवढीच. खालून पाहिलेलं तोंड. आपण कुणाच्या तरी मांडीवर उताणे पडलोय, वर ते रुंद नाक, आणि बाई बोलतेय तसे तीन ठिपके वरखाली होतायत. तेंदूच्या पानांचा आणि तंबाखूचा वास. बोटावरचं पिवळं पडलेलं नख. आई टी.बी.ने गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता, आणि पाच वर्षांच्या पोराला एवढं आठवतं म्हणजे पुष्कळ झालं, असं तो स्वतःला समजावत आला होता. फोटो म्हणाल तर एकच, लग्नातला. पांढऱ्या साडीतली मालन तथागतांच्या मूर्तीपुढे वंदनेसाठी वाकलेली, डोक्यावर पदर, तोंड खाली. तिच्या शेजारचा मोतीराम कॅमेऱ्याकडे डोळे वटारून पाहतोय. पदराखालून नाकाचा शेंडा तेवढा दिसतो, आणि नाकाच्या शेंड्यावरून माणूस ओळखता येत नाही. त्या फोटोकडे पाहत अश्वजीत लहानाचा मोठा झाला आणि पदराखाली त्याने स्वतःच्या मनाने ते सावळं, तीन ठिपक्यांचं तोंड बसवून टाकलं. ते तिथे नीट बसलंही. इतकी वर्षं कुणी हललं नाही की तक्रार केली नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, आईच्या हनुवटीवर गोंदण होतं ना?"

"छे." मोतीरामांनी बशी खाली ठेवली. "तुझ्या आजोबाच्या घरात गोंदणाले बंदी. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा म्हातारा म्हणे, देवही गेले, गोंदणही गेलं, आता पोरीच्या अंगाले सुई लागू देणार नाही. कोरी होती तुझी आई. काहून?"

"असंच. आणि बिड्या?"

"मालन काय बिड्या वळन? तिले तर तंबाखूच्या वासानं खोकला यायचा." मग त्यांना काही आठवलं आणि ते हसले. "तू भानुमतीलेच आई म्हणायचा. मालनले बीमारी लागली, डॉक्टर म्हणे लेकराले दूर ठेवा, तर तिनंच तुले पलीकडे दिलं. वर्षभर तिच्याचकडे होता. तू तिले आई म्हणे, आम्ही म्हटलं, म्हणू दे. लेकरू आहे. मालन गेली आन त्याच महिन्यात आपल्याले नोकरीचं क्वार्टर भेटलं, दूर रांझीत, मग कुठची भानुमती."

किती साधी गोष्ट होती ती. दोन बाया एकदमच गेल्या. पोराला सांगितलं आई गेली, आणि पोराने पाहिलं तर ती खरंच कुठे नव्हती. हिशेब जुळला. अश्वजीतला त्या रात्री झोप लागली, हे विशेष. पण सकाळी दाढी करताना तो आरशात आपल्या हनुवटीवर ठिपक्यांची जागा शोधत राहिला. आई मेलेली असण्याची त्याला सवय होती. ती तर लहानपणची गोष्ट. आता मात्र ती नुसती मेलेली नव्हती, ती कधी त्याच्याजवळ नव्हतीच. कॉलेजात पहिला जुना कॉम्प्युटर आला तेव्हापासून तो जिला घडवत आला, परीक्षेच्या आदल्या दिवशी जिला स्क्रीनवर उभी करून बसायचा, लग्न ठरलं तेव्हा जिच्याकडे पाहून मनात म्हणाला, बघ, दीक्षा आवडली का, ती बिड्या वळणारी शेजारीण होती. तिच्यावर राग धरावा तर तिचा काय दोष? तिने तर दुसऱ्याचं लेकरू वर्षभर मांडीवर घेतलं. राग धरायला कुणी नव्हतं, आणि रडावं तर कुणासाठी हेच ठरत नव्हतं. दोघींसाठी रडायचं तर दोघींचं मिळून अर्धं अर्धंच रडू येणार, असं काहीतरी विचित्र त्याच्या मनात आलं आणि तो साबण लागलेल्या तोंडाने तसाच उभा राहिला.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने स्कूटर गोहलपुरकडे घातली. जाऊन काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. गल्ली सापडली, पण खोल्यांच्या जागी कूलरचे पत्रे वाकवायचं दुकान झालेलं, वेल्डिंगच्या ठिणग्या रस्त्यापर्यंत येतायत, कारागीर एकमेकांवर ओरडतायत. "किससे काम है, भैया?" एकाने विचारलं. काय सांगणार? माझी आई कोणती होती ते बघायला आलोय? "कुछ नहीं," तो म्हणाला, आणि कुठून कोण जाणे पुढे निघालं, "यहाँ एक नल था." "नल तो अब भी है," माणूस म्हणाला आणि पत्र्यांच्या थप्पीमागे बोट दाखवलं. नळ होता. खाली चौकोनी दगड, दगडाला मधोमध खळगा. नळापासून गल्लीच्या तोंडापर्यंत सरळ वाट. जिथे भानुमतीचा ओटा असावा असं वाटलं तिथे तो भिंतीला पाठ लावून थोडा वेळ उभा राहिला. काहीतरी अगदी जवळ आलं होतं. नाव जिभेवर असावं आणि उच्चारता येऊ नये तसं. पण वेल्डिंगच्या उजेडाने डोळ्यांत पाणी आलं आणि ते जे काही होतं ते परत गेलं. येताना त्याने भानुमतीबद्दल कुणाला विचारलंसुद्धा नाही. विचारायला हवं होतं, हे त्याला ऑफिसात पोचल्यावर कळलं.

मग त्याला घाई झाली. मालनचं तोंड आता या जगात एकाच ठिकाणी शिल्लक होतं, मोतीरामांच्या डोक्यात, आणि त्या डोक्याचा भरवसा दिवसेंदिवस कमी होत होता. म्हातारा चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधायचा; मागच्या महिन्यात दीक्षाला दोनदा आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती. उद्या हेही गेले म्हणजे मालनबाई नावाची बाई नाकाच्या शेंड्यापुरतीच उरणार. पुढच्या रविवारी अश्वजीतने खुर्चीशेजारी खुर्ची मांडली आणि बापाला बसवलं. "बाबा, आईचं तोंड काढू. तुम्ही सांगा, मी पट्टी सरकवतो."

मोतीरामांना आधी मजा वाटली. स्क्रीनवर गेमने दिलेली कोरी बाई उभी होती, गोरी, भोपळ्यासारखी गुळगुळीत. "हिले आधी उन्हात काढ," ते म्हणाले. रंग उतरवला. "नाक थोडं लहान. नाही, एवढं नाही. हां... नाही रे, आधीचंच कर." गाल भरले, गाल काढले. कपाळ रुंद, कपाळ अरुंद. डोळे? "डोळे चांगले होते," मोतीराम म्हणाले. चांगले म्हणजे कसे? "चांगले म्हणजे चांगले." अश्वजीत पट्ट्या सरकवत होता आणि स्क्रीनवर एकामागून एक बाया होत होत्या. कुणी मास्तरीणबाई, कुणी भाजीवाली, एक तर हुबेहूब दीक्षाची मावशी. प्रत्येकीकडे मोतीराम आपल्या नव्या डोळ्याने आशेने पाहायचे आणि मग मान हलवायचे. हळूहळू त्यांनी सांगणं बंद केलं. ते स्क्रीनऐवजी आपल्या गुडघ्यांकडे पाहत होते. अश्वजीतला ते दिसलं, तरी तो थांबला नाही. थांबायला भीती वाटत होती.

"ओठ, बाबा?"

"मले नाही याद," मोतीराम म्हणाले.

"आठवून पाहा ना. जाड होते की पातळ?"

"मले नाही याद, आशू. काहीच नाही याद." आवाज एकदम लहान झाला होता. "नाइट शिफ्ट राहायची. मी येऊ तं अंधार, जाऊ तं अंधार. आन आमच्या वेळी बायकोच्या तोंडाकडं कोण पाहत बसे? तिचा पदर असा पुढं. मले वाटलं, आहे ना, घरातच आहे, पाहू कधीतरी." त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने ऑपरेशनचा डोळा टिपला. डॉक्टरांनी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. बापाला रडताना त्याने आजवर पाहिलं नव्हतं. त्याने बापाच्या पाठीवर हात ठेवला, पण ठेवल्यावर पुढे काय करायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं.

चष्मा परत डोळ्यांवर चढवून मोतीराम म्हणाले, "पाठ याद आहे."

"काय?"

"पाठ. मालनची. थे तर मी झोपेतही ओळखीन." ते सरळ बसले. "आपल्यात कसं, माणूस पुढं चाले, बाई मागं. मीही तसाच. बाजारात गेलो तं मी पुढं, थे मागं, मी वळूनही नाही पाहायचो. पण बीमार पडली तसं मी म्हटलं, तू पुढं हो. दवाखान्यात जातानी. काहून की मागं राहिली आन पडली तं मले कळायचं नाही. लोक हसायचे, पाहा, मोतीराम बायकोच्या मागं चालून राहिला. हसू दे म्हटलं. तेव्हा पाहिली मी तिची पाठ. डावा खांदा असा खाली. पाण्याचे गुंड-घागरी वाहून झाला होता. मान थोडी पुढं. आन पाय... पाय उचलत नव्हती, घासत चाले. मधे थांबे."

अश्वजीतने तोंडाच्या पट्ट्या सोडून दिल्या. जे तोंड शेवटचं राहिलं होतं ते तसंच ठेवलं, कुणाचंच नसलेलं. असल्या गेममध्ये एकदा पात्र तयार करून दुनियेत सोडलं की खेळणाऱ्याला दिसते ती फक्त पाठ. आपण मागे, आपला माणूस पुढे. इतकी वर्षं हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं. तोंड घडवायला लोक तासन्‌तास घालवतात आणि मग कधीच पाहत नाहीत. तो फायलींत शिरला. मोडक्या खांद्याच्या पाणक्यासाठी केलेली हाडं त्याच्याकडे होती, ती त्याने बाईला लावली, डावा खांदा उतरवला. भिकारणीची पांढरी वस्त्रं होती, त्यांचाच पदर करून डोक्यावर घेतला. चालीचा वेग कमी केला, अजून कमी, पाय जमिनीला घासेस्तोवर. मोतीराम मधूनमधून "मान" म्हणायचे, "थोडी अजून" म्हणायचे, आणि आता त्यांच्या आवाजात शंका नव्हती. बाहेर ऊन कललं. दीक्षा दारात येऊन उभी राहिली, दोघांकडे पाहिलं आणि दोन कप चहा ठेवून गेली.

मग त्याने तिला दुनियेत सोडलं. नदीकाठचा एक रस्ता होता, दोन्ही बाजूंना पांढरे खडक. पांढऱ्या साडीतली एक वाकलेली बाई त्यांच्यापुढे चालायला लागली. डावा खांदा खाली. पाय घासत.

मोतीरामांनी खुर्चीचा हात धरला. "मालन," ते म्हणाले. हाक मारावी तसं नाही. ओळख पटली की माणूस म्हणतो तसं.

ती चालत होती. अश्वजीतचं बोट बटणावर होतं आणि ते त्याला जड झालं होतं. "हळू," मोतीराम म्हणाले. "हळू चालव. थे शेवटची गेली ना, भरती व्हायले, त्या दिवशी अशीच. मी मागं थैली घेऊन. नळापाशी आली आन एकदम थांबली. मी म्हटलं, धाप लागली काय? बोलली नाही. वळूनही नाही पाहिलं. थोडी उभी राहिली, मग चालू लागली. मले अजून समजलं नाही, तिथं काहून थांबली ते. नळापर्यंत तं कधी धाप लागत नव्हती तिले."

आणि मंगळवारी गोहलपुरच्या भिंतीशी जे जवळ येऊन परत गेलं होतं ते अश्वजीतच्या पुढ्यात येऊन बसलं. ओटा. तंबाखूचा वास. तो भानुमतीच्या मांडीवर होता, उताणा नाही, बसलेला, आणि अंगणातून एक पांढरी पाठ चालली होती, मागे थैली घेतलेला बाबा. त्याला ती पाठ ओळखीची वाटली नव्हती. त्याने मान वर करून विचारलं होतं, मोठ्याने, लेकरं विचारतात तसं, "आई, थे कोण चालली?" वर तीन ठिपके हलायचे थांबले. नळापाशी ती पाठही थांबली होती.

हे खरंच आठवलं की बापाच्या बोलण्याने आत्ता तयार झालं, हे त्याला सांगता आलं नसतं. तो स्वतःशी भांडला. पाच वर्षांच्या पोराचं काय एवढं. पण ठिपके थांबले होते. ते त्याने पाहिले होते, आणि पट्ट्या सरकवून कितीही बदलले तरी ते आता हलणार नव्हते. ती वळली नाही. वळली असती तर त्याला तोंड दिसलं असतं. आणि कदाचित म्हणूनच वळली नाही, की पोराला आता जी आई आहे ती राहू दे. शेजारी बाप उत्तराची वाट पाहत बसला होता, तीस वर्षांपासून, आणि उत्तर पोराच्या तोंडात होतं.

"धापच लागली असेल, बाबा," अश्वजीत म्हणाला.

"हं," मोतीराम म्हणाले. "बीमारी होती." मग स्क्रीनकडे बोट करून, "हिले बसवता येते काय? सगळा जन्म उभीच होती."

बसायचं एक बटण असतं. ते कुणी वापरत नाही. लढाईच्या खेळात बसून काय करायचं? अश्वजीतने ते दाबलं. बाई पाण्याच्या कडेला खाली बसली, हळूहळू, त्यांच्याकडे पाठ करून, आणि पुढचं पाणी पाहत राहिली. त्याने हात मांडीवर घेतले.

आतून दीक्षाने हाक मारली, जेवायला चला, किती वेळचं वाढून ठेवलंय. अश्वजीतने कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला, तर मोतीरामांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब," ते म्हणाले. "एवढ्यात उठवू नको तिले."